विल्मा हॅडोनं फोडलेला बांध

एप्रिलचा शेवटचा शनिवार. पहाटेपासून समुद्राकडून वारं सुटलं होतं आणि मध्येच गारा येत होत्या. तांदळाएवढ्या, कोरड्या, क्लबच्या पत्र्यावर ताशा बडवल्यासारख्या. पाच मिनिटं गारा, पाच मिनिटं ऊन, पुन्हा गारा. ड्रमफर्नच्या माणसाला यात काही वावगं वाटत नाही. तो कॉलर वर करतो, किनाऱ्यावरच्या गावाला दोन शिव्या घालतो, जणू त्यांनीच गारा इकडं धाडल्यात, आणि कामाला लागतो.

साडेसहाला विल्मा हॅडो बोल्स क्लबच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या क्लबच्या, स्वयंपाकघरात सलगम सोलत होती. आमच्याकडचे सलगम माणसाच्या डोक्याएवढे, सोलायला सुरी पुरत नाही, मनगट लागतं. रात्रीच भिजलेली मसुराची डाळ आणि डुकराच्या तंगडीची हाडं मोठ्या भांड्यात रटरटत होती. दुपारी दोनला हंगाम उघडणार होता. त्यात यंदा क्लबला शंभर वर्षं पुरी होत होती, म्हणून सूप दीडशे माणसांचं. मदतीला तिनं कुणाला बोलावलं नव्हतं. मदतीला आलेली बाई गाजर जाड कापते आणि वर बोलत बसते, असं तिचं मत.

सोलता सोलता ती खिडकीतून हिरवळीकडं बघत होती. चाळीस पावलं लांब, चाळीस पावलं रुंद, बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट. चारही बाजूंनी वीतभर चर, आणि चराच्या मागं गवताचा गुडघाभर उंचीचा बांध. खेळायला उतरायचं तर वरच्या वाटेवरून दोन दगडी पायऱ्या. पायऱ्यांखेरीज दुसरी वाट नाही. विल्मा ती दुसरी वाटच शोधत होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात बांध कापून ठेवतो, असं टॅम पर्डीनं तिला सांगितलं होतं. टॅम क्लबचा माळी. पण बांध जसाच्या तसा होता, न्हाव्यानं नुकता हात फिरवल्यासारखा गुळगुळीत.

उजाडल्यावर करेल, असं तिला वाटलं. मग ती हात पुसायला फडकं आणावं म्हणून बोळात गेली, आणि तिथं नोटिशीच्या फळ्यावर तिला नवा कागद दिसला.

कागदावर लिहिलं होतं की शताब्दीचा समारंभ आणि छायाचित्र लक्षात घेऊन, तसंच माळ्याच्या सल्ल्यावरून, चाकांच्या खुर्चीसाठीचा उतार बसवण्याचं काम पुढच्या हंगामापर्यंत लांबणीवर टाकण्यात येत आहे. गुरुवारच्या बैठकीत ठराव एकमतानं मंजूर. मात्र क्लबची जुनी विजेती एफी लॉकहेड हिला यंदा हंगामाचा पहिला जॅक, म्हणजे खेळ सुरू करणारा पांढरा चेंडू, टाकण्याचा मान देण्यात येत आहे. तो ती वाटेवरून, बांधाच्या वरच्या बाजूनं टाकेल. खाली अध्यक्षांची सही. ड्युगल्ड टेनंट.

विल्मानं कागद दोनदा वाचला. फाडला नाही. फडकं घ्यायचं विसरून ती तशीच ओल्या हातानं मागच्या दारातून बाहेर पडली.

तिच्या रागाबद्दल आधी सांगायला हवं. विल्मा तेव्हा एकोणसत्तर वर्षांची. बुटकी, रुंद, दोन्ही गुडघे बदललेले, आवाज मात्र एका टोकाला बोलली की हिरवळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. तिचा राग गावानं हवामानासारखा धरला होता. आज कसं आहे, बाहेर पडावं की नको, एवढंच लोक बघायचे. एकवीस वर्षं तिनं शाळेत पोरांना जेवण वाढलं. एकदा वरून आलेल्या साहेबानं हुकूम काढला की प्रत्येक ताटातला बटाटा वजन करून वाढायचा. विल्मानं त्याच्या हातात तराजू दिला, त्याला रांगेच्या तोंडाशी उभं केलं आणि सांगितलं, आता पोरांना तूच सांग. साहेब तिसऱ्या पोरापर्यंत टिकला.

तिचा बाप खाणीत कामाला. खाणीतून वर आला की क्लबचा माळी. ही हिरवळ खाणीतल्या माणसांनीच केली होती. भरतीच्या पाण्यानं धुतलेलं बारीक गवत किनाऱ्यावरून सालीसारखं सोलून आणलं आणि हातानं अंथरलं. पुढं बापाच्या वेळी त्याची डागडुजी व्हायची तेव्हा सुताचं एक टोक धरायला आठ वर्षांची विल्मा असायची. मात्र बांधावर बसून. हिरवळीवर पोरींनी पाय ठेवायचा नाही, असा नियम होता. बाप सांगायचा, जमीन डोळ्यानं बघू नकोस, तळहातानं बघ. ती बांधावरून हात लांब करून, पोटावर पडून, जेवढी पोचेल तेवढी जमीन बघायची. खाण बंद झाली, बाप गेला, आणि बापाच्या हाताखाली शिकलेला टॅम पर्डी माळी झाला. बायकांना मंगळवारी दुपारी खेळायला मिळू लागलं. मत द्यायला मिळालं ते त्यानंतर वीस वर्षांनी. सूप करायला मात्र पहिल्या दिवसापासून मिळत होतं.

आणि एफी लॉकहेड. एफी बसमध्ये कंडक्टर होती. अर्धं ड्रमफर्न तिनं कधी ना कधी बसमधून खाली उतरवलेलं. दारू पिऊन चढलेला माणूस असो की तिकीट चुकवणारा मास्तर, एफी घंटी वाजवायची आणि दाराकडं बोट दाखवायची. तिची आणि विल्माची जोडी एकतीस वर्षं खेळली. विल्मा आधी टाकायची, एफी शेवटी. विल्मानं केलेली घाण शेवटच्या चेंडूनं निस्तरणं हे आपलं आयुष्यातलं काम, असं एफी चारचौघांत सांगायची, आणि विल्माला असं बोलायचा हक्क सगळ्या गावात तिला एकटीलाच होता. मग साखरेच्या आजारानं एफीचा एक पाय गेला. पुढं मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीन दिवस तिला रक्त साफ करणाऱ्या यंत्राला जोडायला गाडी न्यायला येऊ लागली. डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. तिनं विल्मापासून लपवलं नव्हतं. आणि विल्मानं ते, रागाच्या आड, आमच्या सगळ्यांपासून लपवलं.

तेव्हापासून विल्मानं पैसे जमवायला घेतले. तीन हिवाळे. दर शुक्रवारी चर्चच्या दालनात सूप आणि पाव. लोकरीच्या टोप्या. गाणाऱ्या पोरांची संध्याकाळ, तीत पोरं कमी गायली आणि आया जास्त. एका शनिवारी मैलभर नाण्यांची रांग. चर्चच्या दारापासून मोठ्या रस्त्यानं फुटपाथवर नाण्याला नाणं चिकटवत जायचं, ज्यानं त्यानं आपलं ठेवायचं. रांग शर्यतीच्या पैजा घेणाऱ्या दुकानापाशी येऊन थांबली आणि वरून गारा सुरू झाल्या. विल्मा त्या दुकानाच्या दारात हात कमरेवर ठेवून उभी राहिली. आतल्या माणसांना बाहेर पडायचं होतं. एकेक जण बाहेर आला, खाली वाकला, नाणं ठेवलं आणि गेला. कुणी हरलेला होता, कुणी जिंकलेला. तिनं फरक केला नाही.

लोकांनी दिले. क्लबवर प्रेम होतं म्हणून नाही, अर्ध्या गावानं क्लबचं फाटक कधी ओलांडलंही नव्हतं. एफीसाठी दिले. जिनं बसमधून उतरवलं तिच्यासाठी. आणि अशा प्रत्येक कार्यक्रमाचं उद्घाटन ड्युगल्ड टेनंटनं केलं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, उंच, नीटनेटका, आवाजात लोणी. आमचा प्रकल्प, म्हणायचा. सूप घेताना पहिली वाटी संपवून दुसरी पुढं करायचा. आम्हीही टाळ्या वाजवायचो. आता लिहिताना त्या टाळ्यांची लाज वाटते, पण वाजवल्या होत्या.

फेब्रुवारीत सामान आलं. हिरवळीवर चालणारी रुंद, मऊ चाकांची खुर्ची, आणि हलक्या धातूचा उतार. त्याची एक बाजू वाटेवर टेकायची, दुसरी चरावरून पलीकडं हिरवळीच्या कडेला. बांधात दाराएवढी खाच पाडली की उतार बसलाच. एफीनं चर्चच्या दालनात सतरंजीवर खुर्ची फिरवून बघितली, एक फुलदाणी फोडली, आणि म्हणाली, "जमंल. पर माझ्या मागं कुणी ढकलायला येऊ नगा. म्या काय बटाट्याचं पोतं न्हाई."

उतार टॅमच्या खोपटात गोणपाटाखाली पडून राहिला. थंडी सरू दे, टॅम म्हणाला. मग जमीन वाळू दे, म्हणाला. मग शुक्रवारी.

त्या सकाळी विल्मानं खोपटाचं कुलूप उघडलं. किल्ली कुठं ठेवतात हे तिला बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं. अर्धचंद्राच्या पात्याचं दांडकं घेतलं, गवताची साल काढायचं चपटं फावडं घेतलं, सूत आणि दोन खुंट्या घेतल्या, आणि क्लबच्या इमारतीजवळच्या कोपऱ्यावर गेली. कोपरा तिनं रागात निवडला नव्हता. एक दिवस उत्तर-दक्षिण खेळतात, एक दिवस पूर्व-पश्चिम, म्हणजे जमीन सगळीकडं सारखी झिजते. बांधाला खाच कोपऱ्यात असली तर दोन्ही दिशांच्या खेळाला आड येत नाही. शिवाय दुपारचं छायाचित्र त्याच कोपऱ्यात निघणार होतं. हेही तिला ठाऊक होतं.

तिनं सूत ताणलं. पातं ठेवलं. त्याच्यावर उभी राहिली, दोन्ही नवे गुडघे, आणि सगळा भार टाकला.

शंभर वर्षांत त्या बांधाला कुणी पातं लावलं नव्हतं. चर्चमधल्या वेदीला कुणी करवत लावावी तसं ते होतं. आठच्या सुमारास टॅम फाटकातून आत आला, काय चाललंय ते बघितलं, आणि जागच्या जागी उभा राहिला. टॅम सहा फुटी, आडव्या हाडाचा. पण त्या क्षणी त्याला वाऱ्यानं ढकललं असतं तरी पडला असता.

"विल्मे, काय करतीयास?"

"दिसत न्हाई व्हय?"

"मला इचारायचं तरी."

"तीन वरसं इचारतीया. दर येळी हां म्हणालास. आन गुरुवारी त्या खोलीत हात वर केलास." ती कापायची थांबली नव्हती. "माळ्याच्या सल्ल्यावरनं, असं लिवलंय फळ्यावर. माळी म्हंजी तूच की दुसरा कोन?"

टॅमनं बोलायचा प्रयत्न केला. चाकं आहेत ती, म्हणाला. जमीन अजून मऊ आहे. वर माणसाचं वजन. दोन रेघा उठल्या तर जूनपर्यंत बुजणार नाहीत, आणि यंदा शंभरावं वर्ष, बाहेरगावचे लोक येणार. शेवटी म्हणाला, "तुझ्या बापाची हिरवळ हाय ती, विल्मे."

"बापाचं नाव तुझ्या तोंडात नगं," विल्मा म्हणाली. एवढंच. पण हे ती अगदी हळू म्हणाली, आणि तिचं हळू बोलणं टॅमनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

तो निघून गेला नाही. तिथंच थांबला आणि तिचं काम बघत राहिला, कारण त्याला दुसरं काही सुचेना. आणि बघता बघता त्याची पंचाईत झाली. ती नीट करत होती. साल बरोबर दोन बोटं जाडीची निघत होती. एकेक पट्टा गवत आत घेऊन गुंडाळत होती, सावलीत ओल्या गोणपाटावर रचत होती, म्हणजे पुन्हा दुसरीकडं लावता यावं. खालची माती वेगळी, चराच्या कडेची वाळू वेगळी. टॅमला खोट काढायची होती आणि खोट सापडत नव्हती. हे दोघांनाही एकाच माणसानं शिकवलं होतं ना.

तोवर लोक जमायला लागले होते. झेंडे लावायला आलेले, खुर्च्या मांडायला आलेले. कुणी जवळ जाईना. गारा आल्या की इमारतीच्या वळचणीला उभे राहायचे, ऊन पडलं की दोन पावलं पुढं. विल्मा गारांतही कापतच होती. तिच्या केसांत पांढरं साचलं होतं.

दहाला ड्युगल्ड टेनंट आला. निळा कोट, खिशावर क्लबचं चिन्ह, गळ्यात अध्यक्षाची साखळी. त्यानं आधी बांधाकडं बघितलं, मग जमलेल्या लोकांकडं, आणि आवाजातलं लोणी जागच्या जागी थिजलं.

"मिसेस हॅडो, हे ताबडतोब थांबवा. आपण क्लबच्या मालमत्तेची नासधूस करत आहात."

विल्मा सरळ झाली. हात मागं घेऊन कंबर दाबली. "मिसेस हॅडो म्हणू नगंस मला. तिसरीत माझ्या पाटीवर थुकून पुसायचास तू."

वळचणीखाली कुणीतरी खोकलं.

ड्युगल्डनं तिला समजावून सांगितलं की हा कमिटीचा निर्णय आहे. नियम आहेत. नियमभंग केला तर सदस्यत्व जाऊ शकतं. उतार बसणारच आहे, त्याला कुणाचा विरोध नाही, प्रश्न फक्त एका हंगामाचा आहे. एका दिवसाच्या छायाचित्रासाठी बांध अखंड असावा, शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात आहे तसा, एवढीच सगळ्यांची इच्छा. पुढच्या हंगामात काय बिघडणार आहे?

विल्मा त्याच्याकडं बघत राहिली. आम्ही तिच्याकडं बघत होतो. ती सांगणार असं वाटलं, तोंड उघडलंही, आणि सांगितलं नाही. ते सांगणं एफीचं होतं. तिनं फावडं पुन्हा मातीत घातलं. पण कापून झालेली जागाच ती पुन्हा कापत राहिली, आणि पहिल्या रांगेतल्या दोन बायकांना ते कळलं. एकीनं दुसरीचा हात धरला. पुढचा हंगाम, असं एफीच्या तोंडून गेल्या वर्षभरात कुणी ऐकलं नव्हतं. आम्हाला ते आत्ता आठवलं.

ड्युगल्डला आठवलं नाही. तो म्हणाला, "शिवाय एफीची स्वतःची संमती आहे. काल मी तिला फोन केला. पहिला जॅक टाकायला ती आनंदानं तयार आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून आपण वरून टाकायची सोय केली आहे. जिच्यासाठी हे करता तिला तरी विचारलंत का?"

विल्माचं फावडं थांबलं. सकाळपासून पहिल्यांदा. "एफी हो म्हनली?"

"हो म्हणाली."

त्या दोन शब्दांनी तिचं जे झालं ते साखळीनं आणि नियमांनी झालं नव्हतं. ती एकदम म्हातारी दिसली, हातात फावडं घेतलेली, चिखलात उभी असलेली म्हातारी बाई. ड्युगल्डला वाटलं आता एक धक्का पुरे. त्यानं सगळ्यांसमोर खिशातून फोन काढला, एफीला लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

एफीनं उचलला. ड्युगल्डनं गोड शब्दांत विचारलं की पहिल्या जॅकचं ठरलंय ना, ती येतेय ना.

"येतीया की," एफीचा आवाज आला. "चटई कुठं टाकनार हाय? वाऱ्याकडं का आडोशाला? तसा हात बसवाया पायजे."

जॅक म्हणजे पांढरा छोटा चेंडू, ज्याच्या जवळ बाकीचे काळे चेंडू न्यायचे. तो हिरवळीवर अंथरलेल्या चटईवरूनच टाकतात. दुसरीकडून टाकलेला जॅक जॅक नसतो. हे आमच्याकडं पोराटोरांना कळतं. बँकेतून निवृत्त झालेल्या, दोनदा अध्यक्ष झालेल्या माणसाला कळू नये, इतका त्या छायाचित्राचा मोह.

"चटईची गरज नाही, एफी," ड्युगल्ड म्हणाला. "तू वरच वाटेवर राहायचंस. बांधाच्या वरून खाली टाकायचा. छायाचित्र फार सुंदर येईल."

फोनमध्ये एफीनं किटली उतरवून ठेवल्याचा आवाज आला. 

"ड्युगल्ड," एफी म्हणाली, "म्या काय तळ्याच्या काठावनं बदकांना पाव टाकाया येनार हाय?"

वळचणीखाली जे हसू फुटलं ते कुणाला आवरलं नाही, आणि विल्माचं फावडं पुन्हा चालू लागलं. ड्युगल्डचा हात फोनचा आवाज बंद करायला गेला, तोवर एफी पुढं बोलली होती. "विल्मा हाय का तिथं? आसंलच. फावड्याचा आवाज वळखतीया म्या. तिला दे."

विल्मानं चिखलाचा हात लांब केला. ड्युगल्डनं फोन दिला नाही, नुसता तिच्या तोंडापाशी धरला.

"किती उतार ठेवलायास?" एफीनं विचारलं.

"फुटाला इंचाचा."

"जास्त न्हाई ना? खाली जाऊन चरात पडले तर बसची घंटी वाजवीन बघ तुझ्या नावानं."

"पडनार न्हाईस. ये तू. आन तूच हो म्हनालीस त्याचं नंतर बघतीच तुझ्याकडं."

"म्हंजी? मला काय ठावं त्येला चटई म्हायती न्हाई," एफी म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पण टॅमचं राहिलं होतं. हिरवळीवर काय येतं आणि काय येत नाही, हे अध्यक्ष ठरवत नाही. माळी ठरवतो. ड्युगल्डनं त्याच्याकडंच बघितलं, आणि टॅमनं मान खाली घातली. चाकं रुततील, तो पुन्हा म्हणाला. आता ऐकणारा कुणी नव्हता तरी म्हणाला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या आड राहून बाकी अकरा जणांनी हात वर केले होते.

विल्मा आत गेली आणि रुंद चाकांची ती खुर्ची ढकलत बाहेर घेऊन आली. खोपटातून धातूचा उतार दोघातिघांनी उचलून आणला, कुणी सांगितलं नव्हतं, आणि खाचेत ठेवला. तो बसला. वाटेपासून चरावरून हिरवळीपर्यंत.

"बस," विल्मा टॅमला म्हणाली.

"म्या?"

"एफीच्या दीडपट हाईस तू. बस तिच्यात. जा खाली. रेघ उठली तर म्या सोता ही माती परत भरीन, आन तुझ्या हिरवळीची माफी मागंन. न्हाई उठली तर तू आन म्या दोघं जानून हाय काय ते."

टॅम बसला. सहा फुटी माणूस, गुडघे हनुवटीपाशी, सगळ्या गावासमोर. विल्मानं त्याला ढकललं नाही. त्यानं स्वतः चाकं फिरवली, उतारावरून खाली गेला, हिरवळीवर वीस पावलं आत, वळला, परत आला. मग उठला आणि गुडघ्यांवर बसला. डोळ्यांनी बघितलं नाही. तळहात ठेवला. जिथून चाक गेलं होतं तिथं, मग शेजारी, मग पुन्हा तिथं. गवत दबलेलं होतं, आणि त्याच्या हाताखाली ते परत उठत होतं. तो बराच वेळ तसाच ओणवा राहिला. मग खोपटात गेला आणि पाणसळ घेऊन आला. उताराला लावली, बुडबुडा बघितला, आणि एका कोपऱ्याखाली लाकडाची चकती सरकवली.

"डाव्या अंगाला लवत होतं," तो म्हणाला.  त्या दिवशी विल्मा त्याच्याशी पुन्हा बोलली नाही, आणि पुढं मे संपेपर्यंतही नाही.

दीडला एफी आली आणि रुंद चाकांच्या खुर्चीत जाऊन बसली. अंगावर पांढरा खेळायचा पोशाख, मांडीवर तिचे चेंडू. बांधाची खाच बघितली, वरून खाली, आणि म्हणाली, बापापेक्षा वाकडं कापलंस. तसं काही नव्हतं. विल्मा म्हणाली, तुझे डोळेही गेले काय. एवढंच बोलून दोघी उताराच्या तोंडाशी आल्या.

छायाचित्र आधी निघालं. ड्युगल्डनं कमिटीची सगळी माणसं एका रांगेत उभी केली, निळ्या कोटात, आणि रांग बरोबर त्या कोपऱ्यात उभी केली. बारा माणसांच्या चोवीस पायांमागं खाच झाकली गेली. एफी मध्यभागी, खुर्ची दिसू नये म्हणून मांडीवर क्लबचा झेंडा. ते चित्र आज बारमध्ये टांगलेलं आहे. बघणाऱ्याला वाटावं बांध अखंड आहे आणि बाई नुसती आरामात बसलीय. विल्मा त्या चित्रात नाही. तिला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी हातापायाला चिखल होता.

मग रांग बाजूला झाली आणि एफी खाली उतरली. एकटी. कुणी हात लावला नाही. चटईपाशी गेली, चाकं सरळ केली, वाकली आणि जॅक सोडला.

तीन वर्षांत तिनं जॅक टाकला नव्हता. तो जोरात गेला, वाऱ्यानं डावीकडं ओढला आणि थेट पलीकडच्या चरात पडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, काहींच्या डोळ्यांत पाणी.

एफीनं हात वर केला. टाळ्या थांबेपर्यंत वर ठेवला, बस थांबवल्यासारखा.

"चरात पडलाय," ती म्हणाली. "चरात पडलेल्या जॅकला टाळ्या कवापासनं? आना तो हिकडं."

टॅम जाऊन घेऊन आला. एफीनं पुसला, वारा बघितला, आणि दुसऱ्यांदा टाकला. जिथं जायला हवा तिथं जाऊन थांबला. आता टाळ्या वाजवाव्यात की नाही हे आम्हाला कळेना. कुणी वाजवल्या नाहीत. तिला तेच हवं होतं.

तिनं त्या हंगामात अकरा सामने खेळले. ऑगस्टमध्ये यंत्राच्या दिवसांनी बाकीचे दिवस खाल्ले आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. पुढचा हंगाम आला, उतार तसाच बसलेला होता, आणि कमिटीच्या अहवालात लिहिलं होतं की क्लबनं हा उतार शताब्दीनिमित्त बसवला.

विल्माला त्या शनिवारनंतरच्या सोमवारीच पत्र आलं होतं. परवानगीशिवाय बांध कापल्याबद्दल महिनाभर खेळायला बंदी. स्वयंपाकघराबद्दल पत्रात एक शब्द नव्हता. ते पत्र तिनं शुक्रवारच्या सुपाच्या भांड्याशेजारी, सगळ्यांना वाचता येईल असं टाचणीनं लावून ठेवलं, आणि ड्युगल्ड दुसरी वाटी घ्यायला आला तेव्हा पळी त्या कागदाकडं रोखून तिथंच धरून राहिली. तो वाटी ठेवून गेला.

पण ते सोमवारनंतरचं. त्या शनिवारी एफीचा दुसरा जॅक थांबला तेव्हा विल्मा हिरवळीपाशी नव्हती. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं, आणि बघतानाच तिच्या नाकात वास गेला. सकाळी बाहेर पडताना भांड्याखालची आग बारीक करायची राहिली होती. डाळ तळाला लागली होती, जाड, काळी. हाडंही काळी पडली होती. दीडशे माणसांना त्या दिवशी करपलेलं सूप मिळालं, आणि त्यांच्यातल्या एकालाही तसं म्हणायची हिंमत झाली नाही. आम्ही पीत होतो, बाहेर चेंडूवर चेंडू आपटत होते, आणि आतून तारेच्या घासणीनं भांडं खरवडल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबायचा, नळ सुटायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा.